चुळबुळ्या मुलांसाठी ताल आणि हालचाल: आधी वेग, मग संथ

लयवेडी

नमस्कार मंडळी.

"मूल फार चुळबुळं आहे, एका जागी बूड टेकत नाही, काय करू?" या प्रश्नाला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे "शांत संगीत लावा." मी लहान मुलांना ताल शिकवते आणि मला हे उत्तर अजिबात पटत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

उधाणलेल्या मुलासमोर संथ बासरी लावली की एक तर ती त्याच्या कानावरच पडत नाही, नाहीतर त्याची चिडचिड वाढते. त्याच्या अंगात त्या क्षणी जी लय चालू असते तिचा आणि त्या बासरीचा काही संबंधच नसतो. पळत्या माणसाशी बोलायचं तर आधी चार पावलं त्याच्या बरोबरीनं पळावं लागतं. इथेही आधी मुलाच्या वेगाला जायचं, त्या वेगाची मजा त्याच्यासोबत घ्यायची आणि मग बेताबेतानं लय उतरवत आणायची. संगीतोपचारात हे तत्त्व जुनं आहे. ईरा आल्टशुलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत ते मांडलं: माणसाची मनःस्थिती जशी असेल तशा संगीतानं सुरुवात करा आणि तिथून हळूहळू हव्या त्या दिशेला सरका.

दुसरा मुद्दा शरीराचा. एमिल जाक-दालक्रोझ हे जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवायचे. त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी वाद्य सफाईनं वाजवतात, पण लय त्यांच्या अंगात उतरलेली नसते. मग त्यांनी विद्यार्थ्यांना लय चालून, उड्या मारून, हात फिरवून शिकवायला सुरुवात केली. सगळ्या वर्गात एका जागी न बसणारी जी मुलं असतात, त्यांना ही पद्धत सर्वांत लवकर जमते, असा माझा अनुभव आहे. त्यांची हालचाल हा अडथळा नसतो, तिथूनच शिकणं सुरू होतं.

माझ्याकडे सहा-एक वर्षांचा एक मुलगा आला. आला तो थेट भिंतीकडेनं खोलीभर फेऱ्या मारायला लागला. मी त्याला थांबवलं नाही. डग्ग्यावर त्याच्या पावलागणिक एकेक थाप देत राहिले, बास. तो मूठ आवळून पळत होता, पायाचा आवाज थप थप थप, आणि प्रत्येक थपेबरोबर डग्गा. काही वेळानं त्यानं न थांबता मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. मग मुद्दाम जोरात पळाला. मीही थाप वाढवली. तो एकदम थांबला. मी हात हवेतच थांबवला. आपले पाय डग्गा वाजवताहेत हे त्याला कळलं तेव्हा चेहऱ्यावर जे काही आलं ते सांगता येणार नाही. पुढचा बराच वेळ तो एक पाऊल टाकून थांबायचा, माझ्या हाताकडे बघायचा, पुन्हा एक पाऊल. एवढं थांबणं त्याला कोणी सांगून जमलं नसतं. त्यानंतर मी म्हटलं, "आता डग्गा सांगेल, पायांनी ऐकायचं." आणि त्यानं ऐकलं.

घरी करण्यासारखा क्रम साधारण पंधरा मिनिटांचा. सुरुवातीला द्रुत लय. रिकामा डबा किंवा खोकं उपडं घालून केरवा हा आठ मात्रांचा ठेका धरा, "धा गे ना ती, ना क धि ना", आणि प्रत्येक "धा"वर उडी. मूल धापा टाकायला लागलं की ठेका तोच ठेवून लय निम्मी करा. आता उड्या नाहीत, चालायचं. पावलं मोजून, टाच आधी टेकवून. शेवटी विलंबित. जमिनीवर आडवं पडायचं, हात पोटावर, आणि तुम्ही नुसतं गुणगुणायचं. बोल म्हणायचे नाहीत.

उतरण लांब हवी. चढायला पाच मिनिटं लागली तर उतरायला दहा द्या. बहुतेक घरांत नेमकं याच्या उलट होतं: अर्धा तास धुडगूस आणि मग "चला, आता पुरे."

तुम्ही काय करता, तुमचं मूल कोणत्या वयाचं, काय चालतं, काय नाही, ते लिहा.

---

दोनपिल्लंआई

धागा अगदी वेळेवर आला. मोठी शांत आहे, धाकटा चार वर्षांचा. संध्याकाळ झाली की पायाला भिंगरी. सोफ्यावरून उडी, खुर्चीवरून उडी, मध्येच ताईच्या अंगावर उडी. मी मोबाइलवर नाचाची गाणी लावून देते. तो नाचतो मनापासून, पण गाणी बंद केली की आधीपेक्षा जास्त घर डोक्यावर घेतो. "वेग देऊन मग उतरवा" म्हणता, पण माझ्याकडे तर वेग वाढतच जातो. नेमकं कुठे काय बदलू?

---

लयवेडी

दोनपिल्लंआई, तुमच्या वर्णनात उतरण नाहीये. एक गाणं संपतं, दुसरं तेवढ्याच जोरात सुरू होतं, आणि एकदम बंद. शरीर पूर्ण वेगात असताना आवाज तुटतो, मग त्या वेगाचं पोरानं करायचं काय? ताईवर उडी.

मोबाइलची दुसरी अडचण अशी की तो मुलाकडे पाहत नाही. गाण्याची लय ठरलेली, मूल दमलं तरी तीच. लाइपझिगच्या मॅक्स प्लँक संस्थेतले सेबास्टियन कर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांचा २००९चा एक सुंदर प्रयोग आहे. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. एकदा समोर माणूस वाजवत होता, एकदा ढोल वाजवणारं यंत्र होतं, एकदा नुसता स्पीकरमधून आवाज. माणसाबरोबर वाजवताना मुलांचा ताल जास्त नेमका जुळला. अगदी अडीच वर्षांची मुलंही समोर माणूस असताना आपली नेहमीची गती सोडून त्याच्या गतीला गेली. म्हणजे लय उतरवायची असेल तर समोर तुम्ही लागता. आवाज गोड नसला तरी चालेल, ठेका कच्चा असला तरी चालेल.

तेव्हा असं करा. गाणी लावायची तर एखाददुसरंच लावा, त्यातही तुम्ही सोबत नाचा. ते संपायच्या आधीच टाळी सुरू करा, म्हणजे गाणं थांबलं तरी ठेका तुटत नाही. मग टाळी हळू करत न्या. लहान मुलांची स्वतःची गती मोठ्यांपेक्षा जलद असते, त्यामुळे तुम्हाला जे "मध्यम" वाटतं ते त्याला फार संथ वाटेल. घाई करू नका. तो टाळीच्या पुढे पळाला तर तुम्ही परत त्याच्या वेगाला जा, जुळलं की पुन्हा उतरा.

ताईला या खेळात वाजवणारी करा. धाकट्याच्या उड्यांचं लक्ष्य होण्यापेक्षा ठेक्याची मालकीण होणं तिला आवडेल.

---

पाटीपेन्सिल

प्राथमिक शाळेत शिकवते. लयवेडी, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण वर्गात पंधरा मिनिटं आणि डग्गा दोन्ही मिळत नाहीत. मला एका तासातून दुसऱ्या तासात जाताना फार तर तीन मिनिटं मिळतात. त्यात मी काय करते ते लिहिते.

"गप्प बसा" असं न म्हणता मी एक टाळीचा नमुना वाजवते, मुलं तोच परत वाजवतात. पहिल्या वेळी निम्मा वर्ग, दुसऱ्या वेळी बहुतेक सगळे, तिसऱ्या वेळी सगळे. मग नमुन्यात "खाली" आणते: एका मात्रेला टाळी नाही, हात नुसता बाजूला झुलवायचा. ही न वाजणारी मात्रा सर्वांत मोलाची. हात उचललेला असतो, वाजवायची ऊर्मी असते आणि वाजवायचं नसतं. चुळबुळ्या मुलाला जे जमत नाही म्हणून दिवसभर बोलणी बसतात, ते म्हणजे हाताला आलेली गोष्ट रोखणं. इथे त्याचा सराव खेळात होतो आणि चुकलं तरी नुसतं हसू येतं.

दुसरा खेळ सगळ्यांना माहीत असलेला: गाणं चालू तोवर नाचायचं, थांबलं की पुतळा. यात मी एक गोष्ट कटाक्षानं पाळते, ती म्हणजे कोणालाही बाद करत नाही. बाद करण्याच्या नियमात पहिला बाहेर जातो तो नेमका सर्वांत चुळबुळा मुलगा. ज्याला थांबण्याच्या सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच भिंतीशी बसून इतरांना बघतो, आणि बसून बघणं त्याला जमत नाही म्हणून पुन्हा ओरडा खातो. माझ्या वर्गात पुतळा हलला तर तो पुढच्या फेरीत सांगतो की पुतळा कशाचा करायचा. एवढ्यानं खेळ बदलतो.

खेळ जमायला लागला की नियम उलटा करा. जलद ठेका ऐकू आला की हळू चालायचं, हळू ठेक्याला जलद. मोठी माणसंही अडखळतात. कानाला एक ऐकू येतंय आणि पायांनी दुसरं करायचं, यासाठी डोकं जागेवर ठेवावं लागतं.

---

सांजवारा

वाचतेय. बाद न करण्याचा मुद्दा फार आवडला. वाढदिवसाच्या खेळांत माझा लेक कायम पहिला बाद होतो आणि मग रडून गोंधळ. यापुढे नियम बदलणार.

---

खात्रीकरून

धागा चांगला चाललाय, पण एक सावधगिरीची सूचना करतो. मुलांच्या संगीतवर्गांच्या जाहिरातींत "मेंदूचा विकास", "एकाग्रता दुप्पट", "गणितात प्रगती" असली वाक्यं सर्रास असतात. त्यांचं मूळ बऱ्याचदा १९९३ साली "नेचर"मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात आहे. रॉशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना ऐकवली आणि त्यानंतर आकृत्यांच्या एका चाचणीत ते थोडे बरे ठरले. परिणाम टिकला १० ते १५ मिनिटं. मुलं त्यात नव्हतीच. तिथून "बाळाला मोझार्ट ऐकवा, हुशार होईल" इथवर मजल गेली. पुढे हार्वर्डमध्ये चार वर्षांच्या मुलांवर काळजीपूर्वक केलेले दोन प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही आठवड्यांच्या संगीतवर्गांमुळे इतर बौद्धिक क्षमता वाढतात, याचा ठोस पुरावा त्यांत मिळाला नाही.

हे लिहितोय कारण अशा आशेनं पालक पैसे आणि वेळ घालवतात, आणि निकाल दिसला नाही की मुलावर राग निघतो. लयवेडी, तुमचा दावा नेमका कुठवर आहे?

---

लयवेडी

बरं झालं विचारलंत. बुद्धी वाढेल, गुण वाढतील असं मी म्हणत नाही, कोणाला तसं आश्वासन देतही नाही. माझा दावा लहान आहे. एक, मुलाला रोज भरपूर हालचाल लागते आणि तालाबरोबर ती आनंदानं होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचालीची आहे. ३ आणि ४ वर्षांच्या मुलांसाठी तर दिवसभरात १८० मिनिटं, त्यातली किमान ६० जोमाची. दोन, सुरू होणं, थांबणं, जलद, हळू, यांचा सराव तालात सहज होतो. तीन, मूल आणि मोठं माणूस एका ठेक्यावर असतं तेवढा वेळ त्यांच्यात भांडण नसतं. या तिसऱ्या गोष्टीला मी सर्वांत जास्त किंमत देते. ज्याला दिवसभर "नको, थांब, पडशील, हात लावू नकोस" ऐकावं लागतं, त्याला कोणीतरी पंधरा मिनिटं त्याच्याच चालीनं साथ देतं.

लय आणि हालचालींतून मुलांचं आत्मनियमन सुधारतं का, यावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात केट विल्यम्स यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी कार्यक्रम तयार करून काम केलं आहे. ज्यांना अभ्यास वाचायचे आहेत त्यांनी तिथून सुरुवात करावी. आणि अतिचंचलतेचं निदान झालेल्या मुलाचे उपचार थांबवून त्याऐवजी ताल, असं तर कधीच नाही.

---

चालतीबोलती

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, रोज अशीच मुलं बघते. हालचाल म्हटली की सगळी एकच नसते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गोल गोल फिरणं, गिरक्या, डोकं खाली करून लोंबकळणं यांनी आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा जोरात चाळवली जाते. बऱ्याच मुलांना त्यातून जास्त चेव चढतो. लयवेडी म्हणतात त्या चढणीच्या भागात गिरक्या ठीक, उतरणीत नकोत. याउलट स्नायू आणि सांध्यांवर जोर येणारी कामं, म्हणजे ढकलणं, ओढणं, उचलून नेणं, हातापायांवर रांगणं, पुष्कळ मुलांना स्थिर करतात. आपलं शरीर कुठे आहे, किती जोर लागतोय, याची पक्की जाणीव त्यातून मिळते. म्हणून उड्यांनंतर लगेच आडवं पाडण्यापेक्षा मध्ये एक टप्पा घाला: अस्वलासारखं चार पायांवर चालणं, भिंत दोन्ही हातांनी ढकलणं, पुस्तकांनी भरलेली पिशवी खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला नेणं. हे सगळं ठेक्यावर. भिंत ढकलताना चार मात्रा जोर, चार मात्रा सैल. त्यानंतर पुढे-मागे संथ झुलणं, मांडीवर किंवा झोपाळ्यावर, एका दिशेत.

मुलाकडे बघत राहा. चेहरा लाल होऊन हसणं किंकाळीसारखं झालं, नजर एका जागी ठरेना, धडका देऊ लागला, की वेग जास्त झाला. तिथे सूचना उपयोगाची नाही. शब्द कमी करा, लय उतरवा.

आणि एक, जे पालक टाळतात. प्रत्येक चुळबुळं मूल "अतिचंचल" नसतं. निदानासाठी तज्ज्ञ बघतात की लक्षणं घरी आणि शाळेत अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, किमान ६ महिने आहेत का, वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झाली का, आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडचण येते का. फक्त घरीच धुमाकूळ आणि शाळेत ठीक, असं असेल तर आधी दिनक्रम बघा. झोप तर नक्की बघा. अपुऱ्या झोपेनं मोठी माणसं पेंगतात, मुलं बऱ्याचदा उलट जास्त उधळतात. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. ऐकू येण्याची तपासणीही करून घ्या. हाक मारून लक्ष न देणाऱ्या मुलाला कधी कधी ऐकूच कमी येत असतं.

---

शांतकोपरा

आमच्याकडे वेगळी गोष्ट आहे. मुलगा सात वर्षांचा, दिवसभर इकडून तिकडे, पण मोठा आवाज झाला की कान झाकून कोपऱ्यात. डबा वाजवला तर रडतो. असे धागे वाचून बायको आणि मी नेहमी खट्टू व्हायचो की हे आमच्यासाठी नाही. हल्ली काही गोष्टी जमल्या आहेत, कोणाला उपयोग झाला तर.

आवाज त्याच्या हातात दिला. आम्ही वाजवत नाही, तो वाजवतो. स्वतः केलेला आवाज त्याला चालतो, कारण तो कधी येणार हे त्याला माहीत असतं. वाजवतो तेही उशीवर, तळहातानं. मग मांडीवर. आम्ही समोर बसून आपापल्या मांडीवर तसंच करतो. काठी किंवा चमचा नाही, हातच. ठेका ऐकण्यापेक्षा जाणवण्याची त्याला जास्त ओढ आहे. माझ्या छातीला पाठ टेकवून बसतो आणि मी खालच्या पट्टीत गुणगुणतो. ती थरथर त्याला पाठीत कळते. तो माझा गळा धरून बघतो आवाज कुठून येतोय ते. गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, मग त्याचाही लांबतो. हे सांगून कधीच जमलं नव्हतं.

हेडफोनबद्दल: आवाजाला घाबरणारी मुलंही हेडफोनमध्ये कधी कधी मोठ्यानं ऐकतात, तिकडे लक्ष असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. मोठ्यांसाठी ती ८० आहे.

---

चालतीबोलती

शांतकोपरा, फार नेमकं निरीक्षण. "आवाज त्याच्या हातात" हे मी माझ्याकडच्या पालकांना सांगणार आहे. तो उशीवर वाजवताना एखाद दिवस उशीखाली पुठ्ठा ठेवून बघा, आवाज किंचित वाढेल. तो स्वतः काढून टाकतो की ठेवतो ते बघा. काढला तर काढू द्या.

---

तळमजला

एक विनंती. खाली लोक राहतात. उड्यांचे खेळ जमिनीवर जाड गादी टाकून आणि रात्री नको.

---

दोनपिल्लंआई

तळमजला, रास्त आहे. आम्हीही वरच्या मजल्यावर राहतो आणि तेच दडपण असतं. उड्या नसल्या तर चढण कशाची करायची?

---

लयवेडी

पाय न आपटता दम लागेल असं पुष्कळ आहे. टॉवेलची दोन टोकं धरून रस्सीखेच, "हैय्या" म्हणत, ठेक्यावर. पाय जागेवर ठेवून बसणं-उठणं, आधी चार मात्रांत एक, मग दोन मात्रांत एक, मग प्रत्येक मात्रेला. मांजराच्या चालीनं पळायचं, पावलाचा आवाज आला की परत सुरुवातीपासून. हे शेवटचं करून बघा. आवाज न करता पळायला इतकी ताकद आणि इतकं लक्ष लागतं की मुलं उड्यांपेक्षा लवकर दमतात.

---

नातवंडवाला

मी आजोबा. गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे नातवाबरोबर नाचणं शक्य नाही. खुर्चीत बसून काय करता येईल? त्याच्या आईवडिलांना यायला उशीर होतो आणि संध्याकाळ आमच्या दोघांची असते.

---

पाटीपेन्सिल

आजोबा, तुमचं खुर्चीत बसणं फायद्याचंच आहे. तुम्ही वाद्यवृंदाचे प्रमुख व्हा. हात वर गेला की नातवानं मोठी पावलं टाकायची, खाली आला की बारीक, मूठ मिटली की थांब. थोड्या वेळानं अदलाबदल: तो हात दाखवेल, तुम्ही खुर्चीच्या हातावर बोटांनी वाजवायचं. तुम्हाला थांबवण्याची सत्ता हातात आली की तो कितीही वेळ खेळेल. शिवाय गोष्ट सांगताना आवाज काढायचं काम त्याच्याकडे द्या. पाऊस आला की मांडीवर बोटं, घोडा आला की तळहात, वीज आली की एकच टाळी. आपली वेळ कधी येते म्हणून तो कान देऊन बसेल.

---

वाचनमात्र

एरवी फक्त वाचते, आज लिहितेय. मुलगी नऊ वर्षांची, प्रचंड चळवळी. हे सगळे खेळ तिला "बाळांचे" वाटतात. तबल्याच्या शिकवणीला घातलं होतं. तिथे बसून कायदे, म्हणजे तबल्याच्या ठरावीक बोलरचना, घोटायला लावतात, परीक्षेची तयारी. ती जायला तयार नाही.

---

लयवेडी

वाचनमात्र, या वयात खेळ अवघड करावा लागतो. सोपं आहे म्हणूनच तिला ते बाळबोध वाटतंय.

तिला सांगा, पायांनी केरव्याच्या आठ मात्रा चाल आणि हातांनी फक्त पहिल्या आणि सहाव्या मात्रेला टाळी दे. जमलं की हातांनी दुगुन, म्हणजे दुप्पट लय, पाय आहेत त्याच लयीत. मग झपताल चालायचा: दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. प्रत्येक गटाच्या पहिल्या पावलाला दिशा बदलायची. गट सारखे नाहीत, त्यामुळे पाय बदलतात, कधी डावा पुढे येतो, कधी उजवा. रूपकाच्या सात मात्रांत आणखी गंमत, कारण तिथे समेलाच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, खाली असते. जिथे जोर द्यावासा वाटतो तिथे तो आवरायचा. नऊ वर्षांच्या मुलीला हे आव्हान पुरून उरतं. स्वतःच्या शरीराचे आवाज, म्हणजे छाती, मांडी, चुटकी, पाय, वापरून तिला सोळा मात्रांचा तुकडा रचू द्या आणि तो तुम्हाला शिकवू द्या. तुम्ही मनापासून शिका. तुमचं चुकलं की ती पुन्हा पुन्हा करून दाखवेल, त्यात तिचा सराव होतो.

कार्ल ऑर्फ आणि डोरोथी ग्युंथर यांनी म्युनिकमध्ये १९२४ साली शाळा काढली ती व्यायाम, नृत्य आणि संगीत एकत्र शिकवण्यासाठी. लहान मुलांसाठीची ऑर्फ यांची पद्धत पुढे त्यातूनच वाढली. वाद्य आणि अंग वेगळं न काढण्याची ही परंपरा चांगली जुनी आहे, त्यामुळे "आधी बसायला शिक, मग वाजव" हाच एक मार्ग नाही. शिक्षकांशी मोकळेपणानं बोला. बोल म्हणत चालणं आणि मग बसून वाजवणं, असं आलटून पालटून चालेल का ते विचारा. परीक्षा वर्षभर थांबली तर काही बिघडत नाही. तिची तालाची ओढ गेली तर मात्र परत आणणं फार कठीण.

---

दोनपिल्लंआई

मध्यंतरी रोज करून बघतोय, म्हणून कळवते. गाणं संपायच्या आधी टाळी धरणं लगेच लागू पडलं. बंद केल्यावरचा आकांत जवळजवळ नाहीसा झालाय. अस्वल-चाल त्याची लाडकी. ताई डबा वाजवते आणि फार कडक शिक्षिका आहे, ठेका सोडत नाही. आडवं पडण्याचा भाग अजून जमत नाही, पडल्या पडल्या उठतो. मी माझी पाठ त्याच्या पाठीला टेकवून बसते आणि झुलते, त्याला तो तयार असतो. काही दिवस तर तो यायलाच नकार देतो. तेव्हा काय करावं?

---

लयवेडी

पाठीला पाठ उत्तम, आडवं पडण्याचा हट्ट सोडा.

नकार दिला तर बोलावू नका, समजूत काढू नका. ठरल्या वेळी तुम्ही आणि ताई सुरू करा आणि तो जे काही करत असेल, गाडी ढकलणं, ठोकळे पाडणं, त्याच्या लयीला ठेका धरा. ओढला जाईल. नाही आला तर तुमचं दोघींचं नेहमीसारखं पूर्ण करा, उतरणीसकट. ऐकत तो असतोच.

पाटीपेन्सिल, टाळ्यांचे तुमचे नमुने इथे लिहाल का? बऱ्याच जणांना लागतील.

---

पाटीपेन्सिल

लिहिते. "टा" म्हणजे एक मात्रा, "टिटि" म्हणजे एका मात्रेत दोन, आणि "–" म्हणजे खाली, हात बाजूला.

सर्वांत सोपा: टा टा टिटि टा.
जरा पुढचा: टिटि टा टिटि टा.
खालीसह: टा टिटि टा –.
मोठ्या मुलांसाठी: – टिटि – टा. पहिलीच मात्रा रिकामी असल्यानं सगळे फसतात, तो सर्वांत शेवटी घ्या.

एका वेळी एकच नमुना, तीनदा. आधी तोंडानं म्हणायचा, मग टाळी, मग तोंड मिटून टाळी. वर्ग फारच उधळलेला असेल तर जलद आणि जोरात सुरू करते, आणि प्रत्येक फेरीला आवाज कमी करत शेवटची फेरी दोन बोटांनी तळहातावर.